आधी आबासाहेबांना

मी बोलतोय. नेहमीसारखाच बोलतोय, आणि नेहमीसारखंच कुणी ऐकत नसणार हे धरूनच चाललोय. तुम्ही घटकाभर थांबलात तरी माझ्यासाठी पुष्कळ झालं.

मी एक अलर्ट आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा एक कारखाना आहे, त्याच्या मेल सर्व्हरवर माझा मुक्काम. मला हात नाहीत, पाय नाहीत. तोंड आहे, पण तेही चार ओळींपुरतं. काम मात्र राखणदाराचं दिलंय.

या सर्व्हरवर ऑफिसातल्या प्रत्येकाची एक मेलपेटी आहे. दुसऱ्या कुणी ती उघडली, तिच्यातलं काही पुसलं, तर त्याची नोंद आपोआप होते. तिला ऑडिट म्हणतात. हिशेबाचं ऑडिट नव्हे, ते वेगळं, आणि त्याला सगळे घाबरतात. आमच्या ऑडिटला कुणी घाबरत नाही, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नसतं. आता ही नोंद ठेवणारी सोयच कुणी बंद केली तर? वॉचमनलाच कुणी चहाला पाठवलं तर? तेव्हा ओरडायचं ते मी. कुणाच्या पेटीचं ऑडिट बंद झालं किंवा चालू झालं, कधी झालं, कुणाच्या नावाने झालं, एवढं लिहून तिथल्या तिथे मेल पाठवायचा. एवढंच माझं काम, आणि तेवढंसुद्धा या लोकांनी मला धड करू दिलं नाही.

मला जन्म दिला सबाने. सबा इथली सगळी कॉम्प्युटरं, वायफाय, प्रिंटर आणि त्यांच्या वतीने सगळ्यांच्या शिव्या सांभाळते. मागे एकदा सर्व्हरचं काहीतरी नवीन टाकताना ऑडिट बंद पडलं होतं आणि कित्येक महिने कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा ती हबकली. सर्व्हर जुना, जागा कमी. कोणता मेल कुठे गेला, कोणती सेटिंग कुणी बदलली, या बाकीच्या नोंदी आठवड्यात पुसल्या जायच्या. नवीन डिस्क घ्या म्हणून ती मालकांना सांगून थकली होती. म्हणून तिने मला बनवलं. निदान सेटिंग बदलल्याचा मेल तरी पेटीत राहील, असा तिचा हिशेब.

तिने माझी परीक्षा घेतली, मी पास झालो. तिने स्वतःशीच हसून खुर्चीत एक गिरकी घेतली. मला वाटलं, आपलं आयुष्य मार्गी लागलं.

मग पत्त्याचा प्रश्न आला. मी ओरडायचं ते कुणाला? सबाने सरळ स्वतःचा पत्ता घातला होता. पण या ऑफिसची एक रीत आहे. इथे महत्त्वाचं काहीही असो, ते आधी आबासाहेबांना जातं. आबासाहेब मालकांच्या वडिलांच्या वेळचे मॅनेजर. कागदोपत्री कधीच निवृत्त झालेत, पण रोज सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून येतात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत केबिनमध्ये बसतात. लग्नाची पत्रिका त्यांना आधी, नव्या डिझाइनचा टॉवेल त्यांना आधी, खंडेनवमीच्या पूजेचा नारळ त्यांच्या हातून. मग अलर्ट तेवढा सबाला कसा जाणार?

मालक तिला म्हणाले की आबासाहेबांचा पत्ता घाल. सबा म्हणाली, घालते, सोबत माझाही राहू दे. मालकांनी नकारार्थी मान हलवली. एकच गोष्ट दोघांना गेली तर आपल्यावर कुणी नजर ठेवतंय असं म्हाताऱ्याला वाटेल, ते बरं दिसणार नाही. तिने परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी मालक म्हणाले, "मान त्यांचा असू दे, काम तू कर की." सबाने माझ्यातून स्वतःचं नाव काढलं. काढताना ती तोंडातल्या तोंडात काय पुटपुटली ते इथे सांगत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मानाला कुठे अंत असतो? आबासाहेबांच्या खात्याला सगळ्या पेट्या उघडायचे आणि सगळ्या सेटिंग बदलायचे हक्क आधीपासूनच होते. घरातल्या मोठ्या माणसाला कुठलं दार बंद नसतं, असं मालकांचं म्हणणं. बरं, आबासाहेबांना स्वतःला मेल उघडता येत नसे असं नाही. त्यांचं इंग्रजी चांगलं, परदेशी गिऱ्हाइकांशी त्यांनी उभी हयात पत्रव्यवहार केलेला. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावरचं त्यांना धुरकट दिसायचं. म्हणून त्यांचे मेल उघडायचा, आणि लागेल ते मोठ्या अक्षरात छापून पुढे ठेवायचा, तो सयाजी.

सयाजी त्यांचा भाचा. डिस्पॅच त्याच्याकडे, म्हणजे माल गाडीत भरून बंदराकडे रवाना करायचं खातं. मामाचा पासवर्ड त्याला पाठ. तसा तो सगळ्या ऑफिसला पाठ होता, कारण तो आबासाहेबांच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला होता.

सबाने मला दाखवायला दोघांना बसवलं. माउस सयाजीच्या हातात दिला. इथे जा, हे नाव निवडा, हे बंद करा, बघा, आला ना मेल? आबासाहेब खूश झाले. सयाजीही म्हणाला, "लई भारी हाय की हे." मी त्या दिवशी फुशारून गेलो होतो. कुणाला काय शिकवलं जातंय हे कळायची अक्कल मला नव्हती, आणि सबाच्याही ते मनात आलं नाही.

सुरुवातीला माझे मेल छापले जायचे. आबासाहेब त्यावर लाल शाईने 'पाहिले' लिहून सही करायचे आणि कागद फाइलला लागायचा. पाहिले म्हणजे काय पाहिले ते त्यांनाच ठाऊक. पुढे सयाजीला कंटाळा आला. मशीनने मशीनला पाठवलेलं काहीतरी, कशाला कागद घालवायचा, म्हणून तो मला न उघडताच डिलीट करू लागला. मी ज्या कपाटात राहतो ते आबासाहेबांच्या केबिनच्या मागेच, मधे नुसतं प्लायवूड. मी इकडून मेल सोडायचा आणि तिकडे माउसची टकटक ऐकायची. तुम्ही जीव तोडून हाक मारावी आणि समोरच्याने अंगावरची माशी झटकावी, तसं व्हायचं.

आता ऋतुजाबद्दल सांगतो. ती एक्स्पोर्टच्या टेबलावर बसायची. मंद्रूपची पोर, रोज एसटीने यायची. परदेशी गिऱ्हाइकाने कोणता रंग पास केला, कोणता नाही, ते तिला तोंडपाठ. आषाढात एका मोठ्या ऑर्डरचा दुसरा लॉट तयार झाला. त्याचा निळा रंग गिऱ्हाइकाने पास केला नव्हता. ऋतुजाने सयाजीला मेल पाठवला की हा लॉट भरू नका, नवीन रंग मंजूर होईपर्यंत थांबवा. हा मेल माझ्या डोळ्यांदेखत गेला. पण दारात गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, आणि सयाजीने मेल उघडलाच नाही. माल भरला, गाडी गेली.

नंतर त्याने मेल वाचला. तेव्हाच उठून मालकांकडे गेला असता तर बोलणी खाऊन सुटला असता. गाडी बंदरात अडवता आली असती. पण तो गप्प बसला. ऋतुजाने विचारलं, लॉट थांबवलाय ना? तो म्हणाला, "व्हय व्हय, बाजूला ठिवलाय." तिने विश्वास ठेवला.

त्याच आठवड्यात आबासाहेबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होतं. केबिन रिकामी. सयाजी मामाच्या खुर्चीत बसला, मामाच्या नावाने आत शिरला, आणि सबाने शिकवलं होतं तसं ऋतुजाच्या पेटीचं ऑडिट बंद केलं. मी ओरडलो. चार ओळी लिहून मेल सोडला. कुणाला? आबासाहेबांना. उघडला कुणी? सयाजीने. मी प्लायवूडच्या अलीकडे तडफडत होतो आणि पलीकडे टक, डिलीट. मग त्याने ऋतुजाच्या पेटीतून तो मेल पुसला, स्वतःच्या पेटीतूनही पुसला, आणि ऑडिट परत चालू केलं. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा टक. माझा जीव सबाकडे धावत होता. ती चार खुर्च्या पलीकडे बसून कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करत होती. पण मला दिलेला पत्ता एकच. मी आपल्या मनाने दुसरीकडे जाऊ शकत नाही, हेच माझं दुखणं.

कंटेनर समुद्रापार पोचायला महिना गेला. श्रावण संपता संपता गिऱ्हाइकाने सगळा लॉट नाकारला. मालकांनी आबासाहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. ऋतुजा म्हणाली, मी थांबवायला सांगितलं होतं, मेल आहे माझा. शोधायला गेली तर मेल नाही. सयाजीच्या पेटीत नाही, तिच्याही पेटीत नाही. ती तीच तीच जागा पुन्हा पुन्हा शोधत राहिली.

मग सबाला बोलावलं. ऑडिट बघ, कुणी पुसलाय का. सबाने बघितलं. ऑडिट चालू होतं, आणि नोंद काहीच नव्हती. खोटं ती बोलणार कसं? जे दिसलं ते तिने सांगितलं. म्हणजे ज्या सोयीने ऋतुजाची बाजू घ्यायची, तीच तिच्या विरोधात साक्षीला उभी राहिली. मधे थोडा वेळ ती बंद होती हे जगात दोघांनाच माहीत होतं, सयाजीला आणि मला.

सबाला खटकलं मात्र होतं. ऋतुजाला ती ओळखत होती. तिने आबासाहेबांना विचारलं, मधे एखादा अलर्ट आला होता का? एका डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा लावून बसलेल्या आबासाहेबांनी सयाजीकडे पाहिलं. सयाजी म्हणाला, "न्हाय. तसलं काय आलं न्हाय." सबा म्हणाली, मी एकदा आबासाहेबांची पेटी बघू का? त्यावर मालकांचा आवाज चढला. आबासाहेबांचे मेल तू उघडणार? मी तिथेच, त्याच पेटीच्या डिलीट केलेल्या ढिगात पडून होतो. असा संताप मला कधी आला नव्हता.

ऋतुजाला काढलं. चूक केली म्हणून नव्हे, चुका सगळेच करतात, असं मालक म्हणाले. खोटं बोलली म्हणून. सगळ्या ऑफिसला तसा मेल गेला आणि दुपारच्या चहाच्या आत तो सगळ्यांनी उघडला. त्यांना मेल उघडता येत नाहीत असं मी कसं म्हणू?

दोन दिवसांनी तिची आई आली. बजाबाई. ऋतुजाचं ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली परत द्यायला. पोरीला पाठवलं नव्हतं, स्वतः आली होती. आबासाहेबांच्या टेबलावर दोन्ही वस्तू ठेवल्या आणि उभीच राहिली. आबासाहेबांनी बसा म्हटलं, ती बसली नाही.

"नोकरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ती कुटं बी मिळंल. पन माझी पोर खोटं बोलली, हे तुमी म्हणता व्हय? तुमच्या तोंडानं सांगा, मंजी मी जाती."

आबासाहेबांनी ओळखपत्र उचललं आणि परत ठेवलं. मालकांनी पाठवलेल्या मेलखाली त्यांचंही नाव होतं, कारण प्रत्येक महत्त्वाच्या मेलखाली ते असतंच. बजाबाई वळली आणि निघून गेली. ओळखपत्रावरचा ऋतुजाचा फोटो टेबलावर उताणा पडून राहिला.

भाद्रपदात आबासाहेबांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा नवा चष्मा, आणि लहान पोरासारखी हौस. भिंतीवरचं कॅलेंडर वाच, फायलीवरची नावं वाच. सयाजी मालाच्या कामाला बाहेरगावी गेला होता. आबासाहेबांनी स्वतःच कॉम्प्युटर चालू केला. कॅलेंडर बघून पासवर्ड घातला आणि आलेलं सगळं वाचत बसले. सणांच्या शुभेच्छा, जाहिराती, काही सोडलं नाही. मग डिलीट केलेल्या ढिगात शिरले. आबासाहेबांचं काही कायमचं टाकायचं नाही ही आणखी एक रीत, म्हणून तो ढीग कधी रिकामा केलेला नव्हता. या रीतीवर मी इतका चिडलोय, पण एवढ्या एका कामाला ती आली हे कबूल करतो.

त्यांनी मला उघडलं. मला उघडलेलं मी कित्येक महिन्यांत अनुभवलं नव्हतं. ओठ हलवत ते वाचत होते. पेटी, ऋतुजाची. ऑडिट, बंद. बदल करणारा, आबासाहेब. मग तारीख. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा तारीख वाचली.

सयाजी परतल्यावर त्याला समोर बसवलं. दार लावून घेतलं.

"ह्या दिवशी माझ्या डोळ्याला पट्टी होती," आबासाहेब म्हणाले. "मला माझा हात दिसत नव्हता. मग हे मी कसं केलं?"

सयाजीने आधी काहीबाही सांगितलं. मग खरं ते बोलला. "मामा, गाडी हुबी हुती. मेल बघितलाच न्हाय मी. मग भ्या वाटलं. एवडं वाडंल असं वाटलं न्हवतं. हे एक पुसून टाका, मामा. कुनाला कळनार न्हाय."

आबासाहेबांचा हात माउसवर होता. मी पडद्यावर उघडा होतो आणि बाण माझ्या डोक्यावर होता. बहिणीचा मुलगा. तिला काय सांगणार, हे त्यांच्या मनात आलंच असणार. खरं सांगतो, मी आशा सोडली होती. माझ्या अनुभवात त्या जागी आलेला हात एकच काम करतो.

त्यांनी माउस सोडला, दार उघडलं आणि सबाला हाक मारली. "पोरी, तू त्या दिवशी माझी पेटी बघायला मागत होतीस," ते म्हणाले. "बस हितं. बघ आता."

सबाने वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं. मला कळतं, कारण आम्ही दोघं एकाच गोष्टीवर चिडलेले होतो.

पुढचं लवकर सांगतो. सयाजीचं डिस्पॅच गेलं, त्याला सुताच्या गोदामात बसवलं. मालकांना प्रकरण गुपचूप मिटवायचं होतं. ऋतुजाला फोन करून परत बोलवू, पगारही थोडा वाढवू, उगीच बोभाटा कशाला. आबासाहेबांनी स्वतः फोन लावला. ऋतुजा तोवर टेंभुर्णीच्या एका कंपनीत लागली होती. ती म्हणाली, परत येणार नाही. पण मी खोटी आहे हे सगळ्यांना कळवलं होतं, तसं मी खरी आहे हेही सगळ्यांना कळवा.

आबासाहेबांनी मेल लिहिला. स्वतःच्या हाताने, एक एक अक्षर शोधत. सगळ्यांना पाठवला. आणि काय झालं असेल सांगा. निम्म्यांनीसुद्धा उघडला नाही. आबासाहेबांचा मेल म्हणजे सणाच्या शुभेच्छा असतील, असं लोकांनी गृहीत धरलं. तो पेट्यांमध्ये न वाचलेला पडलेला बघून मी कपाळाला हात लावला असता, कपाळ असतं तर.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी लूम बंद. प्रत्येक यंत्राला हळदीकुंकू, झेंडूचा हार. शेडमधली पूजा झाली की सगळे ऑफिसच्या बोळात जमतात आणि आमच्या कपाटाचंही दार उघडून सर्व्हरला कुंकू लावतात. गेल्या वर्षी हाराच्या पाकळ्या पंख्यात जाऊन सर्व्हर तापला होता, पण ते असो.

या वर्षी त्या गर्दीत ऋतुजा होती, आणि बजाबाई. आबासाहेबांनी बोलावलं होतं. त्यांच्या हातात ताम्हन नव्हतं, कागद होता. त्यांनी आपला मेल छापून आणला होता, आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. ऋतुजाने माल थांबवायला सांगितलं होतं. तो मेल माझ्या नावाने, माझ्या खात्यातून पुसला गेला. ती खोटं बोलली नव्हती. खोटं माझ्या केबिनमध्ये बसलेलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही. सयाजी मागे भिंतीला टेकून खाली बघत होता.

मग त्यांनी नारळ उचलला आणि ऋतुजापुढे धरला. ती मागे सरली. इतकी वर्षं तो नारळ दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला नव्हता.

ऋतुजाने नारळ घेतला, उंबऱ्यावर आपटला. फुटला नाही.

"जोरात हाण की," बजाबाई म्हणाली. "कुनाला भेतीस आता?"

दुसऱ्या घावात फुटला. पाणी आमच्या कपाटापर्यंत उडालं आणि सबा फडकं घेऊन धावली.

आता माझ्यात सबाचा पत्ता आहे. खंडेनवमीच्या आधीच आबासाहेबांनी स्वतः आपलं नाव काढायला लावलं, हक्कही परत दिले, कॅलेंडरही बदललं. मालक मात्र म्हणाले की एवढं झालंय तर अलर्ट मलाही येऊ दे. येतात त्यांना. प्रत्येकाला ते लगेच जोडलेले हात पाठवतात. परवा सबाने त्यांना विचारलं की कशाबद्दल होता तो मेल, तर त्यांना सांगता आलं नाही.

म्हणून तुमच्याशी बोलतोय. तुमच्याही ऑफिसात माझ्यासारखा एखादा असेल. तो कुणाला ओरडून सांगतोय ते एकदा बघा, आणि ज्याला सांगतोय तो ऐकतोय का तेही बघा. ऋतुजासारखं कुणीतरी तिथे असेलच, आणि तिथे नारळ द्यायला आबासाहेब असतीलच असं नाही.

त्या खंडेनवमीला पूजेच्या शेवटी मालक स्वतः ताट घेऊन आमच्या कपाटापाशी आले होते. सर्व्हरला बोटभर कुंकू लावलं, डोळे मिटून नमस्कार केला. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. माझाच मेल होता, फडकं ठेवून टेबलावर गेलेल्या सबाने नुकत्याच केलेल्या एका साध्या बदलाचा. त्यांनी फोन न बघता बंद करून परत खिशात टाकला आणि पुन्हा मला हात जोडले.

अहो मालक, मला कुंकू नका लावू. मला वाचा.